इम्युनिटी ‘वाढवायची’ म्हणजे नक्की काय? इल्या मेचनिकॉवची गोष्ट



फोनवर ‘इम्युनिटी’ असं टाइप करून बघा. काढे, चूर्णं, गोळ्या, प्रोबायोटिक ड्रिंक्स, सगळे एकच सांगतात: इम्युनिटी वाढवा. जणू ती फोनची रॅम आहे, ४ जीबीची ८ जीबी केली की झालं काम.

आता घरातल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसांकडे बघा. त्यांच्या शरीरातली संरक्षण यंत्रणा एका बाजूनं कमी पडते. साधा फ्लू न्यूमोनियापर्यंत जातो, लस घेतली तरी तरुणांइतका फायदा होत नाही. पण दुसऱ्या बाजूनं तीच यंत्रणा गरज नसताना रात्रंदिवस धुमसत राहते. या दुसऱ्या प्रकाराला क्रॉनिक इन्फ्लमेशन, म्हणजे रेंगाळणारा दाह म्हणतात. हृदयविकार, टाइप २ मधुमेह, स्नायू झिजणं अशा बऱ्याच गोष्टींशी त्याचं नातं आहे. मग अशा माणसाची इम्युनिटी वाढवायची की कमी करायची?

हा प्रश्न नीट समजून घ्यायला मला सगळ्यात जास्त मदत एका माणसाच्या चरित्रानं केली. तो माणूस १९१६ मध्ये गेला. त्याचं नाव इल्या मेचनिकॉव. दाह ही शरीराची संरक्षणाची क्रिया आहे हे त्यानं दाखवलं, म्हातारपणात त्याच पेशी आपल्यावर उलटतात असंही त्यानंच मांडलं, आणि बाजारात प्रोबायोटिकची जी लाट आहे तिची सुरुवातही त्याच्यापासून होते. यातलं काही बरोबर निघालं, काही साफ चुकलं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे सांगताना उदाहरणं माझ्या कामातली येतील. चला, सुरू करूया.

आधी दाह म्हणजे काय ते बघू

बोटात काटा मोडला की काय होतं? जागा लाल होते, गरम लागते, सुजते, ठणकते. ही चार लक्षणं सेल्सस नावाच्या रोमन लेखकानं जवळपास २००० वर्षांपूर्वीच लिहून ठेवली होती. रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंती थोड्या सैल होतात आणि पांढऱ्या पेशी रक्तातून बाहेर पडून त्या जागी जमतात.

१९व्या शतकातल्या डॉक्टरांनाही हे मायक्रोस्कोपखाली दिसत होतं. पण बहुतेकांना वाटायचं की दाह हाच आजार आहे. काही जणांचा तर समज होता की पांढऱ्या पेशी जंतूंना पोटात घेऊन शरीरभर पसरवतात. म्हणजे लॉगमध्ये सगळ्या नोंदी होत्या, वाचताना मात्र सिक्युरिटी गार्डलाच चोर समजलं जात होतं.

खार्किवजवळचा मुलगा

मेचनिकॉवचा जन्म मे १८४५ मध्ये, खार्किवजवळच्या एका खेड्यात झाला. तेव्हा तो भाग रशियन साम्राज्यात होता, आज युक्रेनमध्ये आहे. मुलगा कमालीचा हुशार आणि तितकाच उतावळा. खार्किव विद्यापीठातला चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यानं दोन वर्षांत संपवला. मग जर्मनी, मग इटलीतलं नेपल्स. समुद्रातले छोटे प्राणी, त्यांची अंडी, त्यांच्या अळ्या हा त्याचा विषय. वयाच्या २२व्या वर्षी तो ओडेसाच्या विद्यापीठात शिकवायला लागला. त्याचे काही विद्यार्थी त्याच्यापेक्षा वयानं मोठे होते.

एक गोष्ट लक्षात ठेवा: हा माणूस प्राणिशास्त्रज्ञ होता, डॉक्टर नव्हता. पुढे त्याला हे बऱ्याच वेळा ऐकवलं गेलं.

खूप वाईट दिवस

१८६९ मध्ये त्यानं ल्युडमिला हिच्याशी लग्न केलं. तिला क्षय होता. लग्नाच्या दिवशी ती इतकी अशक्त होती की तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं. हवापालट म्हणून तो तिला युरोपभर घेऊन फिरला. शेवटी १८७३ मध्ये मदेरा बेटावर ती गेली. त्याचे स्वतःचे डोळे तेव्हा इतके बिघडले होते की मायक्रोस्कोपचं कामही बंद पडलं होतं. त्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला.

तो वाचला. त्याची दुसरी बायको ओल्गा हिनं नंतर त्याचं चरित्र लिहिलं. त्यात ती सांगते की त्याच काळात जिनिव्हात रात्री एका पुलावर दिव्याभोवती घिरट्या घालणारे किडे त्याला दिसले. इतकं थोडं जगणाऱ्या किड्यांना डार्विनचा निवडीचा नियम कसा लागू पडत असेल, हा प्रश्न त्याच्या डोक्यात आला. त्या प्रश्नानं त्याला पुन्हा कामाकडे ओढलं.

ओल्गाशी त्याचं लग्न १८७५ मध्ये झालं. काही वर्षांनी तिला जबर टायफॉइड झाला. त्याच सुमारास झार दुसरा अलेक्झांडर मारला गेला, विद्यापीठात सरकारी दडपण आणि राजकारण वाढलं. १८८१ मध्ये त्यानं पुन्हा स्वतःचा जीव धोक्यात घातला. उलटून उलटून येणाऱ्या एका तापाच्या रुग्णाचं रक्त त्यानं स्वतःला टोचून घेतलं. तो खूप आजारी पडला, पण याही वेळी वाचला. ओल्गाही बरी झाली. त्यानंतरचा मेचनिकॉव जवळजवळ वेगळाच माणूस होता. आयुष्याबद्दल त्याला हळूहळू इतकी ओढ वाटायला लागली की पुढे त्यानं म्हातारपणावरच संशोधन केलं.

(तुमच्यापैकी कुणी आत्ता अशा दिवसांतून जात असेल, तर भारतात टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो. फोन फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.)

मेसिना, १८८२: तारामासा आणि गुलाबाचा काटा

१८८२ मध्ये त्यानं विद्यापीठाची नोकरी सोडली. ओल्गाचे आईवडील गेल्यामुळे तिची धाकटी भावंडं यांच्याकडेच होती. सगळं कुटुंब घेऊन तो सिसिली बेटावरच्या मेसिना गावी राहायला गेला. समुद्र समोर, प्रयोगशाळा म्हणजे घराची बैठकीची खोली.

एके दिवशी घरचे सगळे सर्कस बघायला गेले. हा एकटा मायक्रोस्कोपपाशी बसला होता. समोर तारामाशाच्या अळ्या होत्या, काचेसारख्या पारदर्शक. त्यांच्या आत काही पेशी इकडून तिकडे फिरताना दिसत होत्या. अशा पेशी बारीक कण गिळतात हे त्याला आधीपासून माहीत होतं. त्या दिवशी त्याला वाटलं, या पेशी फक्त अन्न गिळत नसतील, बाहेरून घुसलेल्या शत्रूंनाही गिळत असतील.

हे तपासायचं कसं? त्यानं बागेतून गुलाबाचे काटे आणले आणि अळ्यांच्या कातडीखाली सरकवले. रात्रभर त्याला नीट झोप लागली नाही. सकाळी बघतो तर प्रत्येक काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला.

या प्रयोगात खरी गंमत काय आहे माहितीये? ताराम्याशाच्या अळीत रक्तवाहिन्या नसतात. म्हणजे लाली, उष्णता असं काहीच होऊ शकत नाही. तरीही पेशी जमल्या. याचा अर्थ दाहाचा गाभा रक्तवाहिन्यांत नाही, त्या गिळणाऱ्या पेशींत आहे, आणि ही यंत्रणा माणसाच्या कितीतरी आधीपासून चालत आलेली आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर त्यानं सगळे फीचर काढून टाकले आणि कोअर कोड तेवढा चालवून बघितला.

पुढच्या वर्षी रुडॉल्फ विरचो हा जर्मनीतला मोठा पॅथॉलॉजिस्ट मेसिनात आला होता. त्याला हे पटण्यासारखं वाटलं, पण डॉक्टरांचा समज नेमका याच्या उलट आहे, जपून पुढे जा, असंही त्यानं बजावलं. या पेशींना नाव व्हिएन्नात मिळालं. कार्ल क्लाउस या प्राध्यापकानं ग्रीकमधून शब्द सुचवला: फॅगोसाइट, म्हणजे भक्षक पेशी.

१८८४ मध्ये मेचनिकॉवनं पाणपिसू या बारीक प्राण्यावर आणखी एक काम छापलं. बुरशीचे सुईसारखे बीजाणू तिच्या आतड्यातून शरीरात घुसतात. भक्षक पेशींनी ते वेळेत गिळले तर पिसू जगते, नाही तर मरते. ही लढाई त्यानं प्रत्यक्ष होताना बघितली.

पेशी की रक्तद्रव? लांबलेलं भांडण

१८८६ मध्ये ओडेसात पाश्चरच्या रेबीज लशीसाठी एक बॅक्टेरियॉलॉजी संस्था उघडली आणि मेचनिकॉवला तिचा प्रमुख केलं. स्थानिक डॉक्टरांना डॉक्टर नसलेला प्रमुख खपला नाही. त्यात मेंढ्यांना अँथ्रॅक्सची लस देताना मोठा घोळ झाला, पुष्कळ मेंढ्या मेल्या. १८८८ मध्ये तो पॅरिसला गेला. लुई पाश्चरनं आपल्या नव्या संस्थेत त्याला प्रयोगशाळा दिली आणि मरेपर्यंत तो तिथेच राहिला.

पण भांडण संपलं नव्हतं. १८९० मध्ये बर्लिनमध्ये एमिल फॉन बेहरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवलं की रक्तातल्या पेशी काढून उरलेल्या द्रवातही जंतूंच्या विषाला निकामी करणारं काहीतरी असतं. त्यालाच आपण आज अँटिबॉडी म्हणतो. जर्मन शास्त्रज्ञ म्हणायला लागले, सगळं काम हा द्रव करतो, पेशी नुसत्या सफाई कामगार. मेचनिकॉव म्हणायचा, खरं काम पेशींचंच. परिषदांमध्ये तो हातवारे करून, केस विस्कटेपर्यंत वाद घालायचा. १८९२ मध्ये दाहावरच्या त्याच्या व्याख्यानांचं पुस्तक आलं. दाह हा सजीवांनी जंतूंविरुद्ध कमावलेला बचाव आहे, हा त्याचा मुख्य मुद्दा.

दोन्ही बाजू अर्ध्या अर्ध्या बरोबर होत्या. १९०३ मध्ये लंडनमध्ये अल्मरॉथ राइटनं दाखवलं की रक्तद्रवातले घटक जंतूंना चिकटतात आणि मग भक्षक पेशी त्यांना सहज गिळतात. अँटिबॉडी टॅग लावते, पेशी टॅग बघून उचलते. १९०८चं वैद्यकशास्त्राचं नोबेल दोन्ही पक्षांना मिळून दिलं गेलं: मेचनिकॉव आणि पॉल एरलिख.

मुंबईशी नातं

ओडेसात मेचनिकॉवचा एक विद्यार्थी होता, वाल्देमार हाफकिन. ज्यू असल्यामुळे रशियात त्याची वाट बंद होती, शिवाय सरकारविरोधी चळवळीत त्याला अटकही झाली होती. तोही गुरूच्या मागोमाग पॅरिसला गेला आणि सुरुवातीला पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात कामाला लागला. १८९२ मध्ये त्यानं कॉलऱ्याची लस स्वतःवर टोचून पाहिली, १८९३ मध्ये भारतात आला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला तेव्हा त्यानं ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ला ती पहिल्यांदा स्वतःलाच टोचली. परळची हाफकिन संस्था आजही त्याच्या नावानं आहे.

म्हातारपणाचा ‘बग’ शोधायला निघाला

नोबेलच्या आधीच मेचनिकॉवचं लक्ष दुसरीकडे वळलं होतं. पन्नाशी उलटल्यावर त्याला प्रश्न पडला, आपण म्हातारे होतो म्हणजे शरीरात नेमकं काय होतं? १९०३च्या पुस्तकात त्यानं या अभ्यासासाठी एक नवा शब्द वापरला: जेरंटॉलॉजी. आज जगभर तोच शब्द चालतो.

त्याचं उत्तर असं होतं. मोठ्या आतड्यात अन्न कुजवणारे जंतू राहतात. ते सतत थोडं थोडं विष सोडतात. त्या विषानं मेंदूच्या, स्नायूंच्या नाजूक पेशी कमकुवत होतात. मग मॅक्रोफेज, म्हणजे मोठ्या भक्षक पेशी, बिथरतात आणि आपल्याच पेशींना खायला लागतात. केस पांढरे होतात तेसुद्धा या पेशी रंग वाहून नेतात म्हणून, असं तो म्हणायचा.

उपाय? कुजवणाऱ्या जंतूंना हटवायला आंबवणारे जंतू पाठवा. १९०५ मध्ये स्टामेन ग्रिगोरोव या बल्गेरियन विद्यार्थ्यानं जिनिव्हात काम करताना बल्गेरियन दह्यातला जिवाणू ओळखला. बल्गेरियात शंभरी गाठणारे खूप, आणि तिथे दही रोज खातात, एवढ्यावर मेचनिकॉवनं दोन्हीचं नातं जोडलं. आजच्या नजरेनं बघितलं तर हा पुरावा फारच तोकडा आहे. त्या काळच्या जन्मनोंदी किती खऱ्या होत्या हे कोण सांगणार? आणि दही खाणाऱ्या पण लवकर गेलेल्या लोकांची मोजणी झालीच नव्हती.

पण बातमी पसरली. १९०४ मध्ये पॅरिसमधल्या त्याच्या व्याख्यानानंतर आंबट दूध म्हणजे म्हातारपणावरचं औषध, असं वर्तमानपत्रांनी छापलं. औषधांच्या दुकानांत जिवाणूंच्या गोळ्या आल्या. तेव्हा व्हॉट्सअॅप नव्हतं, पण फॉरवर्ड होतेच. लंडनचा सर्जन आर्बथनॉट लेन तर बद्धकोष्ठाच्या रुग्णांचं मोठं आतडंच कापून काढायला लागला. त्यात काही रुग्ण दगावलेही. पुढे आयझॅक करासो यानं १९१९ मध्ये बार्सिलोनात डॅनोन दही सुरू केलं, तेही आधी औषधाच्या दुकानांतून विकलं जायचं. जपानमध्ये मिनोरू शिरोता यानं १९३५ मध्ये याकुल्ट बाजारात आणलं. आज फ्रिजमध्ये दिसणाऱ्या त्या छोट्या बाटलीचा इतिहास इतका लांब जातो.

शेवटची वर्षं

मेचनिकॉव स्वतः आंबवलेलं दूध रोज प्यायचा, दारू-तंबाखूपासून लांब राहायचा, कच्चं काही खायचा नाही. १९०९ मध्ये तो टॉलस्टॉयला भेटायला त्याच्या गावी गेला. यातही एक धागा आहे. मेचनिकॉवचा थोरला भाऊ इव्हान १८८१ मध्ये आजारानं गेला होता, आणि टॉलस्टॉयच्या ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ या कथेमागे त्याचंच मरण होतं.

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि त्याची प्रयोगशाळा रिकामी झाली. तरुण सहकारी आघाडीवर गेले. त्याचं हृदय आधीच थकलं होतं. मृत्यूनंतर माझं शरीर उघडून आतडी नीट तपासा, असं त्यानं सहकाऱ्याला सांगून ठेवलं होतं. १५ जुलै १९१६ला, वयाच्या ७१व्या वर्षी तो गेला. त्याच्या अस्थी पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात आहेत. स्वतःवर केलेल्या प्रयोगातून त्याला हवं असलेलं शतक काही मिळालं नाही.

आज त्याचं काय टिकलं?

एकेक मुद्दा घेऊ.

भक्षक पेशी: पूर्ण बरोबर. शिवाय मॅक्रोफेज फक्त जंतू खात नाहीत, मेलेल्या आणि बिघडलेल्या पेशीही उचलतात. कोड लिहिणाऱ्यांनी याला शरीराचा गार्बेज कलेक्टर म्हणावं.

पांढरे केस: चूक. केसांच्या मुळाशी रंग बनवणाऱ्या पेशींचा साठा संपत जातो, त्यामुळे ते पांढरे होतात.

बल्गेरियन जिवाणू: चूक. तो माणसाच्या आतड्यात मुक्काम करत नाही, हे १९२०च्या दशकातच दिसून आलं.

म्हातारपणी संरक्षण यंत्रणा स्वतःवर उलटते: इथे मात्र तो काळाच्या बराच पुढे होता. २००० मध्ये इटलीतल्या क्लॉडिओ फ्रान्सेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी ‘इन्फ्लमएजिंग’ हा शब्द आणला. वय वाढतं तसं रक्तात आयएल-६, सीआरपी यांसारखे दाहाचे सिग्नल थोडे थोडे वाढलेले राहतात. जखम नसते, ताप नसतो, पण अलर्ट बंद होत नाही. आमच्या टीममध्ये ऑन-कॉल असताना असा कधीच क्लोज न होणारा अलर्ट आला तर दोन गोष्टी घडतात: सर्व्हर विनाकारण लोडखाली राहतो, आणि खरा अलर्ट गर्दीत हरवतो. शरीरातही साधारण हेच होतं.

हा अलर्ट कुठून येतो? कारणं अनेक आहेत. काही पेशींची विभागणी थांबते पण त्या मरत नाहीत, आजूबाजूला दाहाची रसायनं सोडत बसतात. पोटावरची चरबी तीच रसायनं बनवते. हिरड्यांचा जुना संसर्ग असतो. आणि आतडंसुद्धा! २०१७ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात दिसलं की म्हाताऱ्या उंदरांच्या आतड्याची भिंत जास्त झिरपते, जंतूंचे अंश रक्तात जातात आणि दाह वाढतो. जन्मापासून जंतूविरहित वाढवलेल्या उंदरांमध्ये वयाबरोबर तसा दाह वाढला नाही. मेचनिकॉवनं सांगितलेला तपशील चुकला, पण बोट बऱ्यापैकी योग्य जागी ठेवलं होतं.

दुसरीकडे, छातीतली थायमस ग्रंथी वयात आल्यापासूनच आक्रसत जाते. नव्या शत्रूला ओळखणाऱ्या टी-पेशी तिथेच तयार होतात. त्यामुळे उतारवयात जुन्या संसर्गांची आठवण भरपूर, पण नव्या पेशींची भरती कमी. लशीचा परिणाम कमी होतो तो यामुळेही.

मग दाह दाबून टाकला तर?

हे करून बघितलंय. २०१७ मध्ये कँटोस नावाच्या चाचणीचे निकाल आले. हार्ट अटॅक येऊन गेलेले आणि सीआरपी वाढलेले १०,००० हून जास्त रुग्ण. त्यांतल्या काहींना दाहाचा एक सिग्नल अडवणारं औषध दिलं. मधल्या डोसवर हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकारानं मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण १५ टक्क्यांनी कमी झालं. म्हणजे दाह खरंच नुकसान करतो. पण औषध घेणाऱ्यांत जीवघेणे संसर्ग जास्त झाले, आणि एकूण मृत्यूंमध्ये फरक पडला नाही.

कोविडमध्ये आपण हेच जवळून बघितलं. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडनं व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले. ज्यांना ऑक्सिजनही लागत नव्हता त्यांना मात्र काही फायदा झाला नाही. आणि २०२१ मध्ये महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे जे असंख्य रुग्ण सापडले, त्यांच्यात मधुमेह आणि स्टेरॉइडचा वापर ही दोन मोठी कारणं होती.

म्हणून ‘इम्युनिटी वाढवा’ हा सल्ला अर्धवट आहे, आणि ‘दाह कमी करा’ हासुद्धा. काट्याभोवती पेशी जमल्याच पाहिजेत, आणि काटा निघाला की पांगल्याही पाहिजेत. वयाबरोबर बिघडतं ते हे पांगणं.

घरातल्या ज्येष्ठांसाठी काय करता येईल?

माझ्या आजोबांचा लॅब रिपोर्ट फॅमिली ग्रुपवर पीडीएफमध्ये आला होता, सीआरपीचा आकडा ठळक अक्षरांत. तासाभरात चार काढ्यांच्या रेसिपी आल्या. डॉक्टरांनी मात्र आधी विचारलं, सर्दी-खोकला झाला होता का, दात दुखतात का. दात दुखत होता. सीआरपी हा धुराचा अलार्म आहे, आग कुठे लागली ते तो सांगत नाही. तेव्हा:

– एका रिपोर्टवरून घाबरू नका. साध्या संसर्गातही सीआरपी वाढतो. अर्थ डॉक्टरांना लावू द्या.
– चालणं आणि झेपेल तेवढा स्नायूंचा व्यायाम. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं इथूनही सुरुवात होते.
– तंबाखू, विडी, मिश्री बंद. आजीची मिश्री ही ‘सवयच आहे’ म्हणून सोडून देऊ नका, हिरड्यांचं नुकसान तिथूनच होतं.
– दात आणि हिरड्यांची तपासणी. कवळी असली तरी.
– फ्लू, न्यूमोनिया आणि नागीण यांच्या लशींबद्दल डॉक्टरांना विचारा. नागिणीची लस आता भारतातही ५० वर्षांपुढच्यांना मिळते.
– मोठ्या संसर्गातही म्हाताऱ्या माणसाला ताप येईलच असं नाही. अचानक गोंधळल्यासारखं बोलणं, जेवण सोडणं, तोल जाणं ही लक्षणं दिसली तर थांबू नका.
– दुखतंय म्हणून दुकानातून आणलेल्या पेनकिलर रोज देऊ नका. किडनी आणि पोटाला त्रास होतो. काढा किंवा चूर्ण चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

आणि दही? खुशाल खा. २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या एका छोट्या अभ्यासात ३६ निरोगी प्रौढ होते. त्यांतल्या ज्यांनी १० आठवडे आंबवलेले पदार्थ भरपूर खाल्ले, त्यांच्या रक्तातले दाहाचे काही सिग्नल कमी झाले. अभ्यास लहान होता आणि ज्येष्ठांवर नव्हता, त्यामुळे त्यावरून मोठे दावे करता येत नाहीत. घरी विरजण लावलेलं दही हे चांगलं अन्न आहे, म्हातारपणावरचं औषध नाही. मेचनिकॉवच्या बाबतीत लोकांनी नेमका हाच फरक विसरला होता.

आता पुढच्या वेळी ग्रुपवर इम्युनिटी बूस्टर आला की एवढंच विचारा: यंत्रणेचा कोणता भाग वाढवणार, आणि वाढल्यावर तो थांबवणार कोण? उत्तर नसेल तर पैसे वाचले. ते दातांच्या डॉक्टरकडे किंवा लशीवर खर्च करा.

माहिती उपयोगी वाटली तर तुमच्या फॅमिली ग्रुपवर नक्की पाठवा. भेटूया पुढच्या लेखात!